दोनशे चौदा बायका

माझ्या प्रबंधात दोनशे चौदा बायका होत्या आणि सहा वर्षं मी त्यांच्याच जिवावर मिरवले.

झालं होतं असं. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, किनाऱ्यापासून अडीच तासांवरचं एक बेट किनाऱ्यावरच्या जिल्ह्याला जोडायचं सरकारने ठरवलं. बेटावरच्या लोकांनी विरोधात निवेदन दिलं. आम्ही वेगळे आहोत, आमचा कारभार आमच्याकडेच राहू द्या. खाली तीनशे शहाऐंशी नावं, सगळी एकाच हस्ताक्षरात, आणि प्रत्येक नावापुढे एक अंगठा. हे निवेदन माझ्याआधी पुष्कळांनी वाचलं होतं, पण नावं मोजण्याची बुद्धी कुणाला झाली नव्हती. मी मोजली. पुरुषांची एकशे बहात्तर, बायकांची दोनशे चौदा.

एवढ्यावरच थांबलं असतं तरी माझं भागलं असतं. पण पुरुषांच्या नावांना बापाचं नाव होतं, आडनाव होतं. बायकांच्या नावांना काहीच नव्हतं. ना नवरा, ना बाप, ना घराणं, नुसतं नाव. तीन ठिकाणी तर एकच नाव दोनदा, एकाला ‘थोरली’ जोडलेलं आणि एकाला ‘धाकटी’. मी हरखून गेले. नवऱ्याचं नाव न लावता राजकारणात उतरलेल्या बायका, शेजारी शेजारी उभ्या राहून अंगठे देणाऱ्या बहिणी! ते प्रकरण लिहिताना मी खरोखर रडले होते. परिषदेत वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, जातील तिथे सांगायच्या, “आमच्या हिने बेटावरच्या बायका शोधून काढल्या.”

मग ती आली.

ती माझ्याहून चार वर्षांनी मागे, त्याच मॅडमकडे, त्याच बेटावर. फरक एवढाच की तिचं आडनावच बेटावरचं होतं. विभागात मी तिला ‘बेटवाली’ म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्यात सगळेच म्हणू लागले. तोंडावर म्हटलं तरी ती हसायची. मला ताई म्हणायची, अहोजाहो करायची. त्या ताईनेच मला पन्नाशीची झाल्यासारखं वाटायचं.

मॅडमचं तर विचारूच नका. पूर्वी माझ्या मसुद्यांच्या समासात हिरव्या शाईने ‘वा!’ पडायचा, तो आता तिच्याकडे वळला. एकदा चहा घेता घेता मला म्हणाल्या, “तिच्याकडे आतली नजर आहे बघ.” मी कप बशीत ठेवला आणि हसले. म्हणजे माझी काय बाहेरची? सहा वर्षं डोळे फोडून कागद वाचले ते कुणाच्या नजरेने? हे सगळं मनात. वर मी म्हणाले, “हो ना, हुशार आहे.”

खरं सांगायचं तर मी जळत होते. साधंसुधं नाही, सकाळी दात घासताना जळत होते. तिचा निबंध स्वीकारला गेला की माझी भूक जायची. तिला सर्दी झाली की मला बरं वाटायचं.

आमच्या दप्तरखान्यात एक पद्धत आहे. प्रत्येक फाइलच्या आतल्या पुठ्ठ्याला एक छापील कागद डकवलेला असतो. फाइल मागवली की वाचणाऱ्याने त्यावर नाव, तारीख आणि सही करायची. माझ्या पहिल्या चार वर्षांत बेटाच्या फाइली उघडल्या की वरपासून खालपर्यंत माझीच सही दिसायची. तो माझा अभिमान होता. मग माझ्या खाली तिची सही दिसू लागली, बारीक, सरळ, ओळ न सोडता केलेली. पुढे पुढे तर माझ्या आधीच.

मग मला व्यसनच लागलं. काही कारण नसताना मी फाइली मागवायचे, पुठ्ठा उलटून तिच्या तारखा बघायचे आणि माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारायचे. आत वाचायला काय आहे ते बघायचेसुद्धा नाही. दप्तरखाना सांभाळणारे काका तीस वर्षं त्याच काउंटरमागे बसलेले. त्यांनी चौथ्या-पाचव्या वेळी विचारलंच.

“फाइल वाचायचीय की सह्या वाचायच्यात?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग सह्यांचे कागद वेगळे काढून देतो. वजन तरी कमी.”

सगळ्यात जास्त रेघा बंदराच्या नोंदवह्यांच्या होत्या. त्या नऊ जाडजूड वह्या, ज्यांना हात लावला की दिवसभर शिंका येतात. त्यांत होड्यांशिवाय दुसरं काही नाही. होडीची लांबी, वल्ही किती, बांधली कधी, मालक कोण. मी पहिल्याच वर्षी त्या चाळून बाजूला ठेवल्या होत्या. राजकीय इतिहासाचा आणि चार वल्ह्यांचा संबंध काय? ती मात्र चार महिने त्याच घेऊन बसली होती. एक्केचाळीस रेघा झाल्या तेव्हा मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. बस, म्हटलं, मोजत बस वल्ही.

मग एक दिवस निवेदनाच्या फाइलवर तिची सही दिसली. आठवड्यात तीनदा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते निवेदन माझं होतं. मी सरळ काउंटरवर जाऊन ती फाइल माझ्या नावावर अडवली. वाचायला मागवलेली फाइल सात दिवस आपल्या नावाने बाजूच्या रॅकवर ठेवता येते, आणि मुदत वाढवून घेता येते. मी तीनदा वाढवून घेतली. मला त्यातला शब्दन्‌शब्द पाठ होता. तरी रोज सकाळी मी ती टेबलावर उघडून ठेवायचे, कुणाला दिसेल अशी.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. “ताई, तुमचं झालं की सांगाल? मला फक्त शेवटची दोन पानं बघायचीत.”

“वेळ लागेल,” मी मान वर न करता म्हटलं.

“चालेल,” ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली. तिला राग आला असता तर मला किती बरं वाटलं असतं!

माझ्या सादरीकरणाला नऊ दिवस उरले होते. बाहेरून परीक्षक येणार, विभागासमोर प्रबंध मांडायचा, त्यांनी मान डोलावली की जमा करायचा. त्या दुपारी वाचनकक्षात आम्ही दोघीच होतो. ती हात धुवायला गेली. तिची कार्डं बुटांच्या खोक्यात उभी लावलेली होती, आणि खोकं टेबलावर उघडंच होतं.

मी उठले. दुसऱ्याच्या टिपणांना हात लावायचा नाही, एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरींनाही सांगावं लागत नाही. मी लावला.

पहिल्याच कार्डावर माझ्या यादीतलं पहिलं नाव होतं. माझ्या पहिल्या बाईचं. त्याखाली लिहिलं होतं: लांबी अठरा हात, वल्ही चार, नोंदवही दुसरी, पान बासष्ट. मग मालकाचं नाव, बापासकट, आडनावासकट. दुसऱ्या कार्डावर दुसरी बाई, लांबी बावीस हात. मी भराभर कार्डं चाळू लागले. थोरली, लांबी चोवीस हात. धाकटी, लांबी तेरा हात, मालक तोच.

होड्या होत्या त्या. माझ्या बायका होड्या होत्या.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. नवऱ्याचं नाव नव्हतं, कारण होडीला नवरा नसतो. आडनाव नव्हतं, कारण होडीला आडनाव नसतं. आणि मी रडले होते.

मागे वळले तर ती दारात उभी होती, ओले हात तसेच धरून. मला वाटलं, आता ही ओरडेल. मी तिच्या जागी असते तर दप्तरखाना डोक्यावर घेतला असता.

“वाचलंत ना?” ती म्हणाली. “बरं झालं. मला सांगायचंच होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू ताई? तुम्ही नमस्काराला मानही हलवत नाही.”

ती रुमालाला हात पुसत समोर बसली आणि मला समजावून सांगू लागली. बेटावर मीठ, रॉकेल, दोर, सगळं होडीच्या नावावर मिळायचं. घर ओळखलं जायचं तेही होडीवरून. निवेदन लिहिणाऱ्या कारकुनाने तीच यादी उतरवली. होडी असेल त्याच्या होडीचं नाव, दोन असतील तर दोन्हींची, नसेल त्याचं स्वतःचं. अंगठे सगळे पुरुषांचे. अंगठे घ्यायला धक्क्यावर सभा भरली होती, तिला बायकांना येऊच दिलं नव्हतं, तसं सभेच्या वृत्तांतात स्पष्ट लिहिलं आहे. होड्यांना नावं आपल्या आयांची, बायकांची, मुलींची.

“एकशे अठरावी माझी आजी,” ती म्हणाली. “म्हणजे आजोबांची होडी. तुमचा निबंध वाचला तेव्हा मला काय आनंद झाला होता! आजीने अंगठा दिला म्हणून. तो शोधायलाच बसले, तर हे निघालं.”

“सगळ्याच्या सगळ्या?”

“दोनशे नऊ जुळल्या. पाच नाही सापडल्या.”

“मग त्या पाच बायका असतील,” मी बुडणाऱ्या माणसासारखं त्या पाचजणींना धरलं.

“असतीलही. शोधतेय.”

हे ती इतकं सरळ म्हणाली की माझं डोकं परत फिरलं. मी म्हटलं, “तुला काय, पहिल्या नजरेत कळलं असेल. घरचंच सगळं.”

“मी तीन वर्षांची असताना आम्ही तिथून आलो, ताई. बसस्टॉपसमोरच्या इमारतीत वाढलेय मी, चौथ्या मजल्यावर. मला पोहताही येत नाही.” मग खोक्याचं झाकण लावत म्हणाली, “नऊ दिवस आहेत तुमच्या हातात. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या प्रबंधात निवेदनाला हात लावणार नाही. कुणाला सांगणारही नाही.”

म्हणजे वल्ही मोजून मोजून तिने जे मिळवलं, ते ती मला वाचवायला सोडून देणार होती. चांगुलपणातही ही बया माझ्यापुढे! त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी आईने ताट वाढलं आणि माझं तोंड बघून विचारलं, “काय, बुडालं का तुझं बेट?” आई रुग्णालयात परिचारिका होती, चेहरा बघून ताप ओळखणारी.

“बायका बुडाल्या,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. खोक्यात हात घातला तेवढं गाळून.

आई शांतपणे जेवत होती. “मग खरं ते सांगून टाक.”

“सहा वर्षं पाण्यात जातील.”

“आणि नाही सांगितलंस तर रोज तिच्या उपकाराखाली राहशील. तुला ते झेपणार आहे का?”

आईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही. बेटवालीच्या दयेवर मिळालेली पदवी मला नको होती. मी बोलायचं ठरवलं. ठरवल्यावर बरंही वाटू लागलं. सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करणारी मी, आणि सभागृहात पसरलेली आदराची शांतता, असं चित्र मी आठ दिवस रंगवत होते.

सादरीकरणाला विभाग भरला होता. मॅडम पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. परीक्षक टेबलामागे, जाड भिंगांचा चष्मा, समोर माझा प्रबंध. काकासुद्धा दाराशी येऊन बसले होते. ती तिसऱ्या रांगेत कडेला होती, खोकं पिशवीत घेऊन.

मी चार प्रकरणं मांडली आणि पाचव्याला थांबले. “या प्रकरणात मोठी चूक आहे,” मी म्हटलं. “या दोनशे चौदा बायका नाहीत. होड्या आहेत.”

खुर्च्या कुरकुरल्या. मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. मी होडीच्या नावांचं सगळं समजावून सांगितलं आणि पुढे म्हटलं, “हे मला कळलं नाही. हिला कळलं.” सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. इथे मी थांबायला हवं होतं. पण त्या सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या बघून माझ्या तोंडातून पुढचं वाक्य निघालं. “ती तिथलीच आहे. तिला बघताक्षणी ओळखू आलं.”

ते खोटं होतं आणि मला माहीत होतं. मी तिला श्रेय देत होते आणि त्याच हाताने तिची मेहनत काढून घेत होते.

परीक्षकांनी चष्मा पुसला. “म्हणजे ही बेटावरची ऐकीव माहिती?”

“सर, नोंदवह्या आहेत,” ती उभी राहून म्हणाली. “मी कार्डं आणलीत...”

“बस, बाळ. तुझ्या भावना मी समजू शकतो.” त्यांचा आवाज प्रेमळ होता. “आपल्या माणसांबद्दल आपण घरात खूप काही ऐकलेलं असतं. पण ऐकीव गोष्टींवर कुणाचं सहा वर्षांचं काम पाडायचं नसतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. एक तळटीप द्या, स्थानिकांमध्ये असाही एक समज आहे म्हणून. प्रकरण राहू द्या.”

“माझंही तेच मत आहे,” मॅडम घाईने म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मला हवी होती ती आदराची शांतताही मिळाली, टाळ्याही मिळाल्या आणि बायकाही परत मिळाल्या. फक्त गप्प बसायचं होतं. ती खाली बसली. पिशवीतून अर्धं बाहेर काढलेलं खोकं तिने परत आत सरकवलं. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

दोन वर्षं मी वाट बघत होते की हिचा एकदा तरी पाडाव व्हावा. तो माझ्या डोळ्यांदेखत झाला होता, मीच केला होता, आणि मला काडीचंही सुख झालं नाही.

“सर,” मी म्हटलं, “मी खोटं बोलले.”

टाळ्या थांबल्या.

“तिला बघताक्षणी कळलं नाही. ती तिथे वाढलेलीच नाही. बंदराच्या नऊ नोंदवह्या तिने पानन्‌पान वाचल्यात. एक्केचाळीस दिवस. प्रत्येक दिवसाची सही आणि तारीख दप्तरखान्यात आहे. दोनशे नऊ होड्या मालकांसकट जुळल्यात. ऐकीव माझं प्रकरण आहे, सर. नावं वाचून मीच मनाने ऐकलं ते.”

परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. “एक्केचाळीस? हा आकडा तिने सांगितला?”

“नाही. मी मोजल्या.”

“तुम्ही? तुम्ही कशाला तिच्या सह्या मोजाल?”

दाराशी काका खाकरले. मॅडम मला डोळ्यांनी गप्प करत होत्या. सांगण्यासारखी पन्नास कारणं होती. संदर्भ तपासत होते म्हणता आलं असतं.

“जळत होते म्हणून,” मी म्हटलं. “रोज मोजत होते. डायरीत रेघा आहेत.”

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक तो आकडा. मग माझा प्रबंध मिटून बाजूला ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाले, “तुम्ही पुढे या. कार्डं घेऊन या.” मघाचं ‘बाळ’ जाऊन आता ‘तुम्ही’ आलं होतं.

ती पुढे आली. मी माझे कागद गोळा करून तिला जागा करून दिली. तिने खोकं टेबलावर ठेवलं, झाकण काढलं आणि पहिलं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

“आणि त्या पाच?” परीक्षकांनी थोड्या वेळाने विचारलं.

“त्या अजून शोधतेय, सर,” ती म्हणाली आणि कुठल्या गावच्या, कुठल्या वह्या अजून बघायच्या राहिल्यात ते सांगू लागली. एकही कागद न बघता, न अडखळता ती अर्धा तास बोलली. फार छान बोलली. माझ्या पोटात परत तसंच दुखायला लागलं, आणि मी उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकलं.